टर्मिनल एम्युलेटर सर्वरवरून चालवताय? मग या चुका टाळा

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना असो नाहीतर चाटी गल्लीतली पेढी, आत एखादं जुनं युनिक्स किंवा एएस/४०० (आयबीएमचा जुना बिझनेस कॉम्प्युटर) अजून हिशेब सांभाळत बसलेलं दिसलं तर नवल नको. मग प्रत्येक पीसीवर एम्युलेटर, म्हणजे त्या जुन्या मशीनची स्क्रीन पीसीवर दाखवणारा प्रोग्राम, टाकत फिरण्यापेक्षा सर्वरवर एकदाच टाकू, असं कोणीतरी म्हणतं. आयडिया चांगलीच आहे, पण प्रोग्राम एक ठेवला म्हणून सेटिंगही सगळ्यांचं एकच ठेवायचं नसतं, निम्मे कॉल यायला लागतात ते इथूनच.

डिव्हाइसचं नावच घ्या. एएस/४००ला प्रत्येक स्क्रीनचं नाव वेगळं लागतं. कॉमन प्रोफाइलमध्ये 'गोडाऊन१' ठोकून दिलं की पहिला आत जातो, दुसऱ्याला कनेक्शनच मिळत नाही आणि तो विचारतो, "साहेब, नेट गेलंय काय ओ?" मग कोणीतरी हुशारी करून कॉम्प्युटरच्या नावावरून नाव घ्यायला लावतं, साध्या पीसीवर ते चालतंही, पण रिमोट डेस्कटॉपमध्ये (म्हणजे आपल्या पीसीवरून सर्वरवरच काम करताना) एम्युलेटर सर्वरवरच चालत असतो, त्यामुळे सगळ्यांना सर्वरचंच नाव मिळतं आणि परत तेच रडगाणं. तिथे 'क्लायंटनेम' हा व्हेरिएबल वापरा, त्यात समोरच्या पीसीचं नाव येतं, फक्त ते १० अक्षरांत बसवा. आयपीवरून, म्हणजे नेटवर्कमधल्या पत्त्यावरून, काउंटर ओळखणारा जुना प्रोग्रामही असाच गंडतो, कारण त्या जुन्या मशीनला सगळे एकाच आयपीवरून आलेले दिसतात.

युनिक्ससाठी पुट्टी हा फुकटचा एम्युलेटर वापरणाऱ्यांची तक्रार उलटी. एक्झी (प्रोग्रामची फाइल) शेअरवर, म्हणजे सर्वरच्या सामायिक फोल्डरमध्ये, टाकली, सेव्ह केलेली सेशन कुठे गेली? कुठे नाही, पुट्टी ती ज्या त्या युजरच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात) ठेवते. एकदा एक्सपोर्ट करून लॉगिन स्क्रिप्टने टाका, रोज मात्र नको, नाहीतर युजरने केलेले बदल पुसले जातात.

शेअरवरून एक्झी थेट चालवूच नका, असं माझं मत. विंडोज प्रोग्राम लागेल तसा थोडा थोडा वाचतं, त्यामुळे लाईट गेली, पीसीला यूपीएस आहे पण कोपऱ्यातल्या स्विचला नाही, की अर्धवट एंट्रीसकट विंडो गायब. शिवाय कोणी ती उघडी ठेवून जेवायला गेलं की नवी व्हर्जन टाकता येत नाही. लॉगिनच्या वेळी सी ड्राइव्हवर कॉपी होऊ द्या.

सगळ्यात जास्त वेळ खातं ते प्रिंटिंग. गेटवरचं चलन डॉट मॅट्रिक्सवर यायला पाहिजे, येतं मालकांच्या केबिनमधल्या लेझरवर, कारण त्या सेशनचा डिफॉल्ट प्रिंटर तोच धरला गेलेला असतो. तो युजरप्रमाणे ठरवा, आणि डॉट मॅट्रिक्सला 'जेनेरिक टेक्स्ट ओन्ली' ड्रायव्हर द्या, नाहीतर चलन ग्राफिक म्हणून कुरकुरत छापलं जातं आणि रकाने सरकतात.

रिमोट डेस्कटॉपचं लायसन्स पहिले १२० दिवस कोणी विचारत नाही, नंतर कनेक्शन बंद, तेव्हा आधीच घ्या. आणि फुलीवर क्लिक करून घरी जाणाऱ्यांचं सेशन मागे चालूच राहतं, त्यातलं उघडं रेकॉर्डही लॉक राहतं. डिस्कनेक्ट झालेल्या सेशनला वेळेची मर्यादा लावा, पण अगदी ५ मिनिटांची नको, लाईट येईपर्यंत तरी थांबायला पाहिजे.