बॅराबूला तंबू ठोकायचा बेत असेल तर

जुलै-ऑगस्टमधला शनिवार-रविवार अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, डेव्हिल्स लेक स्टेट पार्कमधल्या तळ्याकाठी घालवायचा असेल, तर आदल्या वर्षीच्या गणपतीच्या सुमारास तारीख पक्की झालेली हवी. विस्कॉन्सिनच्या स्टेट पार्कमधल्या साइट, म्हणजे तंबू ठोकायच्या आखलेल्या जागा, 11 महिने आधी आरक्षणाला खुल्या होतात. बॅराबू गावापासून तीनेक मैलांवरचं डेव्हिल्स लेक पार्क राज्यातलं सगळ्यात गर्दीचं. मॅडिसनहून तासाभराच्या आत, शिकागोहून साधारण तीन तासांत माणूस इथं पोचतो, त्यामुळे सुट्टीचे दिवस भराभर उडतात. जमलं नाही तरी हिरमुसू नका. रविवार ते गुरुवार बघा, रद्द झालेल्या जागांवर लक्ष ठेवा, नाहीतर जवळच्याच मिरर लेक किंवा रॉकी आर्बर पार्कचा विचार करा. छोटी होडी वल्हवायची हौस असेल तर मिरर लेकचं संथ पाणी मला जास्त आवडतं. विस्कॉन्सिन डेल्स ह्या जवळच्या पर्यटनगावाच्या आजूबाजूची खासगी कॅम्पग्राउंडंही आहेत. तिथं पोहण्याचा तलाव, केबिन, मुलांची खेळणी सगळं मिळतं, फक्त झाडं आणि शांतता कमी मिळते.

पार्क ठरलं की पुढचा प्रश्न साइटचा, आणि माझ्या मते सहल जमणार की फसणार हे इथंच ठरतं. आधी कोण कोण येणार ते बघा. उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा आलेले असतील तर स्वच्छतागृह जवळ हवं, रात्री दोनदा उठून अंधारात लांब चालायला लागू नये. गुडघ्यांना त्रास असेल तर हवेच्या गादीवरून उठणं कठीण जातं, त्यांच्यासाठी घडीची उंच खाट आणि पाठ टेकायला खुर्ची घ्याच. झोपताना श्वासाचं मशीन लावावं लागत असेल तर विजेची साइट निवडा. डेव्हिल्स लेक पार्कात तीन कॅम्पग्राउंडं आहेत. क्वार्टझाइट कॅम्पग्राउंड मोकळं आणि उन्हाचं, तळ्याचा उत्तर काठ तिथून जवळ. आइस एज झाडीतलं, सावलीचं, पण पाण्यापासून लांब. नॉर्दर्न लाइट्स या दोघांच्या मधलं म्हणता येईल. नकाशावर साइटचा नंबर निवडताना सावली, नळ आणि स्वच्छतागृहाचं अंतर बघा, पण स्वच्छतागृहाच्या अगदी दारातली साइट नको, तिथं रात्रभर वर्दळ असते. तळ्याच्या पूर्व काठानं रेल्वेचा रूळ जातो. झोप सावध असणाऱ्यांनी कानात घालायचे बोळे बरोबर ठेवावेत.

तीन-चार कुटुंबं मिळून जाणार असाल तर एकाच साइटवर सगळ्यांची सोय होईल असं धरून चालू नका. एका साइटवर सहा माणसं किंवा एक कुटुंब, अशी मर्यादा असते. शेजारशेजारच्या साइट एकाच वेळी आरक्षित करा. गाडीचं प्रवेश-स्टिकर साइटच्या भाड्यात धरलेलं नसतं, ते वेगळं घ्यावं लागतं. विस्कॉन्सिनबाहेरची नंबरप्लेट असेल तर त्याचा दरही जास्त पडतो, म्हणजे इलिनॉयहून येणाऱ्या आपल्या मंडळींनी हिशेबात धरायचा खर्च.

तंबू निघायच्या आधी घरामागे एकदा उभा करून बघा. खुंट्या, हातोडी, दोऱ्या मोजून घ्या. खाली अंथरायची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा थोडी लहान हवी, कडा बाहेर राहिल्या तर पावसाचं पाणी त्यावर साचून आत येतं. इकडचे उन्हाळी गडगडाटी पाऊस आपल्या वळिवासारखे अचानक येतात, म्हणून वरचं आच्छादन आकाश निरभ्र असलं तरी बांधूनच ठेवा. आणि एक गोष्ट पाठ करा: तुम्ही सॉक काउंटीत आहात (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी). वादळाच्या सूचना काउंटीच्या नावानं येतात आणि बाहेरगावच्या माणसाला आपण नेमक्या कुठल्या काउंटीत आहोत हेच ठाऊक नसतं. टॉर्नेडो ‘वॉच’ म्हणजे तशी शक्यता आहे, सावध राहा. ‘वॉर्निंग’ म्हणजे वादळ दिसलंय किंवा रडारवर आलंय, तेव्हा सामान तिथंच टाकून पक्क्या इमारतीत जायचं. नुसत्या विजा असतील तर बंद गाडीही चालते, तंबू मात्र कधीच नाही. पक्की इमारत कुठं आहे ते पोचल्या दिवशीच सगळ्यांनी चालत जाऊन बघून ठेवावं, मुलांनीसुद्धा.

स्वयंपाकाची तयारी घरीच जितकी कराल तितका तिथं निवांतपणा. पहिल्या रात्रीसाठी दशम्या, दाण्याची चटणी आणि दही पुरेसं आहे. साइट दुपारी तीनला हाती येते, तंबू लागेपर्यंत संध्याकाळ होते, तेव्हा कांदा चिरत बसायची ताकद कुणात नसते. भाजणीच्या पिठात तीळ, ओवा, तिखट, मीठ आधीच मिसळून डब्यात भरा, सकाळी कांदा-कोथिंबीर घालून बिडाच्या तव्यावर थालीपीठ लावता येतं. मेतकूट, तूप, लोणचं, भडंग हे वेगळं सांगायला नको. शेकोटीचा खरा उपयोग भरताला. काळं टपोरं वांगं घ्या, तेलाचा हात लावा, चार ठिकाणी टोचे मारा. ज्वाळा विझून निखारे लाल झाले की थेट त्यांच्यावर ठेवा आणि चिमट्यानं फिरवत राहा. साल करपून सुटायला लागली आणि देठाजवळ दाबल्यावर बोट आत गेलं की झालं. सोलताना हाताला लागणारा तो धुराचा वास घरच्या गॅसवर येत नाही. ऑगस्टमध्ये रस्त्याकडेला शेतकऱ्यांकडे गोड मक्याची कणसं मिळतात, तीही ह्याच निखाऱ्यांवर भाजा, लिंबू-तिखट घरून न्यायला विसरू नका. रात्री खाण्याची प्रत्येक वस्तू गाडीत बंद करा. रॅकून हे रात्री फिरणारे छोटे रानटी प्राणी झाकणं उघडण्यात पटाईत असतात.

लाकडं मात्र घरून नेऊ नका. पार्कापासून 10 मैलांच्या आतली आणि राज्यातलीच, नाहीतर कीडमुक्त म्हणून प्रमाणित केलेली लाकडंच पार्कात चालतात. सालीखाली लपलेल्या अळ्यांबरोबर कीड एका गावातून दुसऱ्या गावात जाते. 2002 मध्ये डेट्रॉइटच्या परिसरात सापडलेल्या एमराल्ड ॲश बोरर ह्या हिरव्या भुंग्यानं ॲशची लाखो झाडं अशीच मारली. ज्या सावलीसाठी आपण साइट निवडतो ती टिकायची असेल तर हा नियम मनापासून पाळायला हवा.

गोचिडी हा इथला खरा धोका. हरणांवरची बारीक गोचीड लाइम रोग पसरवते आणि मे ते जुलैमध्ये ती खसखशीच्या दाण्याएवढीच असते. फिकट रंगाचे लांब कपडे, पायमोज्यात खोचलेली पँट, डीईईटी हे कीटक दूर ठेवणारं रसायन असलेला फवारा आणि टोकदार चिमटा जवळ ठेवा. रोज संध्याकाळी मुलांच्या कानामागे, काखेत, गुडघ्यामागे बघा. तीन-तीन पानांच्या पॉयझन आयव्हीला आणि पिवळ्या फुलांच्या वाइल्ड पार्स्निपला हात लावायचा नाही. पार्स्निपचा रस अंगाला लागून ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात.

चालायला चांगले बूट घ्या. तळ्याभोवतीचे कडे सुमारे 500 फूट उंच, दीड अब्ज वर्षांहून जुन्या जांभळट क्वार्टझाइटचे आहेत. पावसात हा दगड निसरडा होतो आणि वर कठडे नाहीत. लहान मुलांचा हात सोडू नका. ज्येष्ठांसाठी पश्चिम काठाची टम्बल्ड रॉक्सची सपाट वाट उत्तम, कोसळलेल्या शिळांच्या मधून जाते आणि तळं सतत शेजारी असतं. पोहताना लक्ष ठेवायला लाइफगार्ड नसतो, मुलांसाठी लाइफ जॅकेट घ्या.

एक सकाळ बॅराबू गावासाठी राखून ठेवा. रिंगलिंग बंधूंनी 1884 मध्ये आपली सर्कस ह्याच गावात सुरू केली, तिचं संग्रहालय मुलांना आवडतं. मला मात्र गावाबाहेरचं इंटरनॅशनल क्रेन फाउंडेशन चुकवू नका असं कळकळीनं सांगायचंय. 1973 मध्ये सुरू झालेल्या ह्या संस्थेत जगातल्या सगळ्या, म्हणजे 15 जातींचे क्रौंच बघायला मिळतात. त्यात आपल्या गोंदियाच्या भातखाचरांतला सारसही आहे. लाल मान, राखाडी अंग, माणसाच्या उंचीचा. महाराष्ट्रात सारस आता मोजकेच उरलेत, तो इथं शांतपणे, जवळून न्याहाळता येतो. आजी-आजोबांना तिथं आवर्जून न्या. हिवाळ्यात ही जागा बंद असते, तारखा आधी बघून घ्या.

निघताना शेकोटीवर पाणी ओता, काठीनं ढवळा, पुन्हा ओता, राख हाताला गार लागेपर्यंत. घरी पोचल्यावर दमला असलात तरी तंबू गॅरेजमध्ये पसरून वाळवा, ओला गुंडाळला तर बुरशी धरते. अंगावरचे कपडे धुवायच्या आधी दहा मिनिटं ड्रायरमध्ये कडक उष्णतेवर फिरवा, राहिलेल्या गोचिडी त्यात मरतात. कपडे ओले असतील तर जास्त वेळ लागतो.