नाशिकच्या छोट्या वायनरी, दोन दिवस, चार-पाच मित्र: कसं जमवायचं

मी नाशिकचा, त्यामुळे थंडी पडली की मुंबई-पुण्याच्या मित्रांचे फोन ठरलेले, येतोय रे या वीकेंडला, वायनरी दाखव. आणि प्लॅन बहुतेक सगळ्यांचा सारखाच, शनिवारी चार, रविवारी तीन, संध्याकाळी परत. मी प्रत्येकाला एकच सांगतो, दिवसाला दोन. त्याच्या वर नाही. तिसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत जीभ दमलेली असते, सगळी वाइन एकसारखीच लागायला लागते, मग ते टेस्टिंग राहत नाही, नुसतं पिणं होतं, आणि तेवढ्यासाठी कसारा घाट चढून यायची गरज नाही.

आधी कधी यायचं ते. जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत. आपल्याकडे द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा होते, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा संपताना गोडी छाटणी, आणि या गोडी छाटणीचा माल जानेवारी ते मार्चमध्ये तोडणीला येतो. युरोपात हेच काम सप्टेंबर-ऑक्टोबरला चालतं. पावसाळ्यात गंगापूर धरणाचा परिसर अप्रतिम दिसतो, जरूर या, पण वेलीवर घड नसतील आणि वायनरीत क्रशिंगही, म्हणजे द्राक्षं चिरडून रस काढणं, चालू नसेल. एक मात्र बघा, 26 जानेवारीला ड्राय डे असतो, लाँग वीकेंड बघून बुकिंग करणारे नेमके तिथेच अडकतात. निवडणुका असतील तर त्याही तारखा बघून घ्या.

कुठे जायचं? गंगापूर धरणाच्या बाजूला सुला आहे, 1999 पासूनची, आता खूप मोठी झालीय, वीकेंडला भयंकर गर्दी. पहिल्यांदाच येत असाल तर तिथली टूर सकाळी पहिल्या वेळेची करा, टाक्या, बॅरल, बॉटलिंग असं सगळं समजून येतं. तिच्या जवळच यॉर्क आहे, आकाराने बरीच लहान, 2021 पासून तीही सुलाकडेच आहे, तिथल्या टेस्टिंग रूममधून धरणाचं पाणी दिसतं, संध्याकाळी तिथे बसायला मला फार आवडतं. पुढे गंगावऱ्हेला सोमा. दुसरी बाजू इगतपुरीची, कावनईजवळ मुकणे धरणाच्या काठाला व्हॅलोने आहे, खरी छोटी वायनरी म्हणतात ती अशी, आणि तिकडेच सांजेगावला ग्रोव्हर झाम्पा. मुंबईहून येणाऱ्यांनी ही बाजू जाता-येता करावी, उगाच शहरात येऊन परत मागे जाऊ नका. निफाडकडे कुंदेवाडीला रेव्हेलो आहे, त्यांच्याकडे नेरो दाव्होला, ग्रिलो अशा इटालियन द्राक्षांची वाइन मिळते. छोट्या ठिकाणी न सांगता जाऊन धडकू नका, दोन-तीन दिवस आधी फोन करा, किती जण येताय ते सांगा, आणि बाग बघता येईल का तेही विचारून ठेवा.

बागेत सोडलं तर एक गोष्ट नक्की करा. परवानगी घेऊन वाइनच्या द्राक्षाचा एक मणी तोंडात टाका. आपलं खायचं थॉमसन लांबट, बिनबियांचं, पातळ सालीचं. हा मणी छोटा, साल जाड, आत बिया, आणि गोडी खाण्याच्या द्राक्षापेक्षाही जास्त असते, बऱ्याच जणांना हे खरंच वाटत नाही. साल चावत राहिलात की तोंड तुरट होतं, तोच तुरटपणा नंतर रेड वाइनमध्ये सापडतो, कारण रेड सालीसकट आंबवतात. मग बी चावा. हिरवट आणि कडू लागली तर माल अजून कच्चा, तपकिरी आणि कुरकुरीत लागली तर तयार. तोडणीची तारीख ठरवताना साखर मीटरवर मोजतातच, पण बी चावूनही बघतात. एवढं केलंत की पुढच्या ग्लासात काय चाललंय ते कळायला लागतं.

आता प्रत्यक्ष टेस्टिंग. त्या दिवशी परफ्युम, अत्तर नको, शेजारच्याचाही वास घालवता तुम्ही. पुदिन्याची गोळी, पान, सिगारेट हेही आधी नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मिसळ आधी खाऊ नका! नाशिकला यायचं आणि मिसळ खायची नाही असं मी म्हणणार नाही, पण काळ्या मसाल्याच्या तर्रीनंतर दोन तास तरी नाजूक व्हाइट वाइनचं काही कळत नाही, आणि तिखटावर अल्कोहोल अजून जळजळतं. सकाळी पोहे किंवा उपमा भरपेट खा, रिकाम्या पोटी तर अजिबात नको, मिसळ रविवारी निघायच्या दिवशी ठेवा.

क्रम साधारण असा असतो, बुडबुड्यांची स्पार्कलिंग, मग व्हाइट, गुलाबी रोझे, रेड, शेवटी गोड डेझर्ट वाइन. उलटं गेलात तर शिराझ या रेडनंतर शेनिन ब्लांक ही व्हाइट पाण्यासारखी लागेल. ग्लास दांडीला धरा, हाताच्या उबेने वाइन गरम होते. थोडा फिरवा, नाक आत घाला, घाई करू नका. इथे लोक बुजतात, कारण कार्डावर ब्लॅककरंट, गूजबेरी असलं काहीतरी लिहिलेलं असतं जे आपल्यापैकी कितीतरी जणांनी कधी खाल्लेलंच नसतं. ते कार्ड बाजूला ठेवा. आमच्या ग्रुपमधल्या एकीने सोव्हिनियॉन ब्लांक ही व्हाइट वाइन हुंगली आणि म्हणाली, ढोबळी मिरची चिरतेय असं वाटतंय. सगळे हसले, पण ओतणारा मुलगा लगेच म्हणाला, ताई, एकदम बरोबर! ढोबळी मिरचीच्या वासाला कारण असलेला पायराझिन नावाचा घटक या द्राक्षातही असतो. मग ती जी खुलली, पुढच्या प्रत्येक ग्लासाला पेरू, कैरी, जांभूळ, मिरपूड, आणि तिचं ऐकून बाकीचेही बोलायला लागले. आपल्या स्वयंपाकघरातले वास आपल्याला पाठ असतात, तेच शब्द वापरा.

एका टेस्टिंगला साधारण 30 मिली ओततात, म्हणजे सहा वाइनचे 180 मिली, एका भरल्या ग्लासाहून जास्तच. म्हणून घोट फिरवून समोरच्या भांड्यात थुंकायला लाजू नका, त्यासाठीच ते ठेवलेलं असतं, मध्ये मध्ये पाणी प्या. आणि गाडी चालवणाऱ्याने अजिबात घ्यायची नाही, थोडीशी पण नाही. कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलीग्रॅम आहे आणि ती पटकन ओलांडली जाते. सगळ्यांनाच चाखायचं असेल तर नाशिकमध्ये दिवसभरासाठी ड्रायव्हरसकट गाडी करा, पाच जणांत खर्च जाणवत नाही. वाइनसाठी वय 21 लागतं, ओळखपत्र जवळ ठेवा.

बाटल्या घ्यायच्या तर मोठ्या दुकानात सहसा न दिसणाऱ्या घ्या, बिल सांभाळून ठेवा. डिकीत उन्हात ठेवून बाकीचं फिरत बसू नका, दुपारच्या गरमीत वाइन अक्षरशः शिजते, आमच्या दोन चांगल्या बाटल्या अशाच गेल्या. थर्माकोलचा बॉक्स आणि बर्फ सोबत ठेवा. सापुतारा जोडून करणार असाल तर बाटल्या बरोबर नेऊ नका, ते गुजरातमध्ये आहे आणि तिकडे दारूबंदी आहे.

घरी गेल्यावर सोव्हिनियॉन आणि शेनिन जपून ठेवायची नाही, ती ताजीच चांगली. तीन-एक तास फ्रिजमध्ये गार करा आणि गरम कोथिंबीर वडीबरोबर उघडा, बाटली उरली तर झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये, दोन-तीन दिवसांत संपवा.