पोस्ट काढली गेल्यास दाद कशी मागावी

पंचगंगेच्या घाटावर मेलेल्या माशांचा खच दिसला, तुम्ही त्याचा फोटो चार खरमरीत ओळींसह समाजमाध्यमावर टाकला आणि तासाभरात ‘ही पोस्ट आमच्या नियमांत बसत नाही’ अशी सूचना आली, तर आधी त्या सूचनेचा स्क्रीनशॉट घ्यावा. तारीख, वेळ आणि मोडल्याचा ठपका असलेला नियम त्यात दिसलाच पाहिजे. अभिव्यक्तिस्वातंत्र्य देणाऱ्या राज्यघटनेच्या कलम 19 चा हवाला देण्याची घाई मात्र करू नये, कारण कंपनी पोस्ट तोलते ती स्वतःच्या नियमावलीवर.

बहुधा त्या सूचनेतच फेरतपासणीची सोय असते. तिथे संताप नको (कोल्हापुरी माणसाला हे जड जाते, पण इलाज नाही). फोटो कुठे व केव्हा काढला आणि तो नियम इथे का लागू होत नाही, एवढेच लिहावे.

तेवढ्याने भागले नाही, तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार तिची पोच 24 तासांत मिळायला हवी. त्याचा निर्णय पटला नाही, तर तो कळल्यापासून 30 दिवसांच्या आत केंद्र सरकारने नेमलेल्या तक्रार अपील समितीकडे घरबसल्या ऑनलाइन अपील करता येते.