घरी गाणं रेकॉर्ड करायचंय? मग सामान या कसोटीवर निवडा

नव्या माणसाला सगळे सल्ले माइकविषयी मिळतात. कोणता माइक, किती हजारांचा, काळा की सोनेरी जाळीचा. पण घरचं रेकॉर्डिंग बहुतेक वेळा माइकपाशी अडत नाही. गाताना स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये किंचित उशिरा येतो, लय डळमळते, सूर लावताना अवघडल्यासारखं होतं, आणि दोष गळ्याचा आहे असं समजून माणूस नाद सोडतो. म्हणून प्रत्येक वस्तू घेताना एकच विचारा: ही घेतल्यावर माझा आवाज मला त्याच क्षणी ऐकू येणार का?

पुढचा सगळा मजकूर एक गाणारा, एक पेटी, मोबाइलवरचा तानपुरा-तबला आणि एक लॅपटॉप एवढ्या संसारासाठी आहे.

माइक

फ्लॅटमधल्या साध्या खोलीत गाण्यासाठी डायनॅमिक माइक घ्या. कंडेन्सर बारीक आवाज छान टिपतो हे खरं, पण तो लांबून गायलं की फरशीवरून परतणारा आवाज, जिन्यातली पावलं आणि शेजारचा कुकरही तितक्याच छान टिपतो. डायनॅमिक माइक तोंडापासून चार बोटं ते वीतभर अंतरावर चालतो. एवढ्या जवळून गळा मोठा येतो आणि खोली मागे राहते. शुअर एसएम५८ हा माइक १९६६पासून चालत आलेला आहे आणि आजही पहिला माइक म्हणून पुरतो. त्याच्या नकला बाजारात भरपूर आहेत, त्यामुळे अधिकृत विक्रेत्याकडून पक्कं बिल घेऊनच घ्या. सतार किंवा संतूर रेकॉर्ड करायची असेल तर मात्र कंडेन्सरच हवा. ही वाद्यं थोड्या अंतरावरून टिपावी लागतात आणि तिथे डायनॅमिक माइक कमी पडतो.

स्टँड, जाळी, स्पंज आणि माइक एकाच खोक्यात देणारे स्वस्त ‘स्टुडिओ किट’ घेऊ नका. त्यांतल्या बऱ्याच माइकांची वायर थेट लॅपटॉपच्या बारीक सॉकेटात जाते. तिथे सूं-सूं असा आवाज मिसळतो, आणि आपला आवाज त्याच क्षणी ऐकण्याची सोय मिळत नाही.

इंटरफेस

माइक आणि लॅपटॉप यांच्यामधली ही डबी म्हणजे सगळ्या खरेदीतला मुख्य भाग. तिच्यात चार गोष्टी हव्यात: माइकची दोन इनपुट, स्वतंत्र व्हॉल्यूम असलेलं हेडफोनचं सॉकेट, डायरेक्ट मॉनिटरचं (माइकचा आवाज थेट हेडफोनला देणारं) बटण, आणि विंडोज वापरत असाल तर त्याच कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर, म्हणजे आवाजाचा उशीर कमी ठेवणारं जोड-सॉफ्टवेअर. मॅकला असा वेगळा ड्रायव्हर बहुधा लागत नाही.

गेनचा, म्हणजे डबी माइकचा सिग्नल किती वाढवते त्याचा, आकडाही बघा. एसएम५८सारख्या माइकचा सिग्नल अगदी कमकुवत असतो; मध्यम आवाजातल्या गाण्याला ५५ ते ६० डेसिबल गेन सहज लागतो. फोकसराइट स्कार्लेटच्या चौथ्या पिढीत सोलो मॉडेलचा गेन ५७ डेसिबलपर्यंत जातो, २आय२ मॉडेलचा ६९पर्यंत. हळू गाणाऱ्याने सोलो घेतला तर बटण टोकाला नेऊनही पातळी अपुरी वाटते, मग सिग्नल वाढवणारा वेगळा बूस्टर घ्यावा लागतो. त्यापेक्षा सुरुवातीलाच दोन माइक-इनपुटांचा घ्या. पुढे गळा आणि पेटी वेगवेगळ्या ट्रॅकवर घेता येतील.

एवढा खर्च जमत नसेल तर सॅमसन क्यू२यू किंवा ऑडिओ-टेक्निका एटीआर२१००एक्स यांच्यासारखा डायनॅमिक यूएसबी माइक घ्या. दोन्हींच्या अंगावरच हेडफोनचं सॉकेट आहे, आणि पुढे इंटरफेस घेतला की हेच माइक एक्सएलआर (तीन पिनांच्या) वायरने त्याला जोडता येतात. हेडफोनचं सॉकेट नसलेला यूएसबी माइक कितीही चांगला असला तरी गाण्यासाठी घेऊ नका.

हेडफोन, स्टँड, वायर

हेडफोन बंद पाठीचा आणि वायरचाच हवा. ब्लूटूथवर आवाज सहज १०० ते २०० मिलिसेकंद मागे पडतो. बैठकीत गात असाल तर बुटका बूम स्टँड घ्या, टेबलाला आवळायचा हात नको, कारण टेबलावरचा प्रत्येक धक्का माइकमध्ये जातो. एक्सएलआर वायर तीन मीटरची पुरते.

सॉफ्टवेअर

मॅक असेल तर गॅरेजबँड फुकट आहे. ते वापरा आणि हा भाग सोडून द्या. विंडोजवर रीपर घ्या. ६० दिवस ते पूर्ण क्षमतेने वापरून बघता येतं, घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरचा आहे, आणि जुन्या लॅपटॉपवरही ते जड होत नाही. ऑडॅसिटी फुकट आणि चांगलं आहे, पण ते एका आवाजाची काटछाट करण्यासाठी; तानपुऱ्यावर गळा, गळ्यावर पेटी असे थर चढवायला रीपर बरं. एफएल स्टुडिओची सर्वांत स्वस्त फ्रूटी आवृत्ती घेऊन अनेक जण फसतात: तिच्यात माइकवरून गाणं रेकॉर्ड करण्याची सोय बराच काळ नव्हतीच.

उशीर: इथे घाई करू नका

लॅपटॉप आवाज सलग घेत नाही, गठ्ठ्यांनी घेतो. या गठ्ठ्याला बफर म्हणतात. सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने धरले तर २५६ नमुन्यांचा बफर भरायला ५.३ मिलिसेकंद लागतात, १०२४चा भरायला २१.३. आवाज आत येताना एकदा आणि बाहेर जाताना पुन्हा एकदा थांबतो, म्हणजे १०२४ला ४३ मिलिसेकंद झाले. ड्रायव्हरचा वेळ त्याहून वेगळा. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत तीनतालात एक मात्रा २५० मिलिसेकंदांची असते. तुमचा आवाज मात्रेच्या सहाव्या हिश्शाने मागे पडला, तर समेवर यायचं कसं?

यावर सगळीकडे एकच उपाय सांगितला जातो: बफर ६४ किंवा ३२वर आणा. गाणाऱ्यासाठी हा सल्ला चुकीचा आहे. साध्या लॅपटॉपला एवढा छोटा गठ्ठा वेळेत उरकत नाही आणि रेकॉर्डिंगमध्ये तडतड येते. शिवाय गाणाऱ्याला स्वतःचा आवाज कवटीच्या हाडांतून त्याच क्षणी ऐकू येत असतो. हेडफोनमधला आवाज दहा मिलिसेकंद मागून आला तरी दोन्ही एकमेकांत मिसळून आवाज पोकळ, नळीतून आल्यासारखा लागतो. गिटार वाजवणाऱ्याला एवढा उशीर खपतो, गाणाऱ्याला खुपतो.

खरा उपाय डायरेक्ट मॉनिटरचा. यात माइकचा आवाज लॅपटॉपची वारी न करता इंटरफेसमधूनच हेडफोनला जातो. क्रम असा ठेवा:

१. कंपनीचा ड्रायव्हर टाका. रीपरच्या प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओ, मग डिव्हाइस, आणि तिथे एएसआयओ निवडा. यादीत दुसरे सर्वसाधारण ड्रायव्हर दिसले तरी त्यांच्या वाटेला जाऊ नका.

२. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटर चालू करा. मोनो आणि स्टीरिओ असे दोन पर्याय असतील तर मोनो, नाहीतर गळा एकाच कानात येतो.

३. रीपरमध्ये त्या ट्रॅकचं रेकॉर्ड मॉनिटरिंग, म्हणजे लॅपटॉपमधून आवाज परत ऐकवणं, बंद करा. ही पायरी सर्वाधिक लोक विसरतात. दोन्ही चालू राहिली की आवाज दोनदा ऐकू येतो, एकदा लगेच आणि एकदा मागून, आणि मग लोक इंटरफेसच खराब आहे म्हणून परत करतात.

४. आता बफर खुशाल ५१२ ठेवा. तुमच्या कानापर्यंत येणाऱ्या गळ्याचा त्याच्याशी संबंध उरलेला नाही.

राहता राहिली एक तक्रार: असा आवाज कोरडा लागतो, रिव्हर्बशिवाय (गुंजनाशिवाय) गाता येत नाही. त्याला सोपी तोड आहे. रेकॉर्ड मॉनिटरिंग पुन्हा चालू करा, ट्रॅकवर रिव्हर्ब लावा आणि त्यातला ड्राय भाग, म्हणजे गुंजन नसलेला मूळ आवाज, शून्यावर आणा. मूळ गळा इंटरफेसमधून लगेच येतो, फक्त गुंजन लॅपटॉपमधून येतं. गुंजन उशिरा येणं खटकत नाही, खऱ्या दिवाणखान्यातही ते भिंतीवरून परतून उशिराच येतं. गाणं झाल्यावर ड्राय भाग पुन्हा वर घ्या, नाहीतर रेकॉर्डिंग ऐकताना नुसतं गुंजन ऐकू येईल.

शेवटची तपासणी सहसा कोणी सांगत नाही. कानाला सगळं बरोबर वाटूनही रेकॉर्ड झालेला ट्रॅक तबल्याच्या मागे बसू शकतो, कारण ड्रायव्हर स्वतःचा उशीर सॉफ्टवेअरला चुकीचा कळवतो. डायरेक्ट मॉनिटर बंद करा, मेट्रोनोमची एक खणखणीत टिकटिक ऑडिओ ट्रॅक म्हणून ठेवा, हेडफोनची वाटी माइकला टेकवा आणि ती टिकटिक नव्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा. दोन्ही लाटा मोठ्या करून बघा. दोन-तीन मिलिसेकंदांचा फरक सोडून द्या. दहाच्या वर असेल तर प्रेफरन्सेसमधल्या रेकॉर्डिंगच्या पानावर मॅन्युअल ऑफसेटमध्ये तेवढा आकडा भरा आणि पुन्हा तपासा. बफर बदललात तर ही चाचणीही परत करा.

पातळी आणि खोली

सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंगसाठी २४ बिट निवडा, आणि तारसप्तकातली सर्वांत मोठी जागा घेताना मीटर उणे १२ ते उणे १० डेसिबलच्या पुढे जाऊ देऊ नका. लाल दिव्याजवळ न्यायची काहीच गरज नाही. नंतर आवाज वाढवता येतो, फाटलेला सूर शिवता येत नाही.

अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवू नका, त्या पातळ पुठ्ठ्याने खर्जातला घुमारा जराही शोषला जात नाही. जाड गोधडी किंवा गादी गाणाऱ्याच्या पाठीमागे उभी करा, कारण माइकचं तोंड तिकडे असतं. पंखा आणि फ्रिज बंद. घूं असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा.

तानपुरा

मोबाइलच्या स्पीकरवर तानपुरा लावून गाऊ नका. तो गळ्याच्या ट्रॅकमध्ये शिरतो आणि मग वेगळा करता येत नाही. मोबाइल वायरने इंटरफेसला जोडून पाच-सहा मिनिटं तानपुरा आधी स्वतंत्र ट्रॅकवर घ्या. पेटी वाजवणार असाल तर ॲपमध्ये नुसतं ‘काळी १’ निवडून भागत नाही. बऱ्याच पेट्या ४४० हर्ट्झच्या प्रमाणाला तंतोतंत लावलेल्या नसतात. पेटीचा षड्ज धरून ॲपमधला बारीक फरक सेंट-सेंटने (सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) सरकवा, दोन्हींमधली थरथर पूर्ण थांबेपर्यंत, आणि मगच तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग सुरू करा.