चिमण्यांची पेटी रिकामीच राहते? या चुका टाळा

चिमणी सहसा फांदीवर घरटं बांधत नाही, तिला फट लागते. कौलाखालची पोकळी, वाशाच्या टोकाची खोबण, तसबिरीमागची जागा, मीटरच्या पेटीवरची बेचकी. ठाण्यातल्या नौपाडा, चेंदणी कोळीवाड्यातल्या जुन्या घरांत हे सगळं आपसूक मिळायचं; पुनर्विकासातल्या गुळगुळीत टॉवरात चिमणीला नखभरही जागा उरत नाही. लाकडी पेटी ही त्या फटीची बदली आहे. ती आपल्या डोळ्यांना गोंडस दिसते का, याच्याशी चिमणीला काही देणंघेणं नसतं. बाजारातल्या रंगीत पेट्या बहुतेक तिथेच फसतात.

भोक मोठं आणि खाली दांडी

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. चिमणीला ३२ मिलिमीटर व्यासाचं भोक पुरतं. ते ४५-५० मिलिमीटर झालं की साळुंकी आत शिरते, अंडी बाहेर टाकते आणि पेटीची मालकीण होते. भोकाखालच्या दांडीचा चिमणीला काही उपयोग नाही. कावळा मात्र तिच्यावर ऐटीत बसून आत चोच घालतो. दांडी करवतीनं कापून टाका.

मोठ्या भोकाची पेटी घेऊन झाली असेल तर फेकू नका. हार्डवेअरच्या दुकानातून ३२ मिलिमीटरचा होल सॉ (ड्रिलला लावायचं गोल भोक पाडणारं पातं) आणा, एका फळीच्या तुकड्याला भोक पाडा आणि तो तुकडा पुढच्या बाजूला स्क्रूनं बसवा. किंवा ती पेटी दयाळसाठी ठेवा. पहाटे गच्चीच्या कठड्यावरून शीळ घालणाऱ्या या काळ्या-पांढऱ्या गवयाला ५० मिलिमीटरचं भोकच हवं असतं. फक्त दयाळची जोडी आपल्या हद्दीत दुसरी जोडी खपवून घेत नाही, म्हणून एका बागेत एकच पेटी. चिमण्यांचं उलट आहे. त्यांना शेजार लागतो. दोन-तीन पेट्या हात-दीड हात अंतरानं लावा.

पाऊस विसरून केलेली पेटी

एमडीएफ, म्हणजे दाबलेल्या भुशाची फळी, पहिल्याच पावसात फुगते, साधं प्लायवुड थर सुटून उकलतं, बुटांचा खोका तर जुलैदेखील पाहत नाही. पत्रा आणि प्लॅस्टिक एप्रिल-मेच्या उन्हात आतल्या पिल्लांना भाजून काढतात. पॅकिंगच्या खोक्यांचं पाइनवुड किंवा जुनं सागवान, १८ मिलिमीटर जाड, हे बरं. १५ सेंटिमीटर रुंद आणि पाच फूट लांब फळीत एक पेटी होते: पाठ ३५ सेंटिमीटर, पुढची बाजू २०, दोन्ही कुशी मागे २५ व पुढे २० अशा उतरत्या, छप्पर २२ आणि तळ ११.४ बाय १५. तळ दोन्ही कुशींच्या मध्ये बसतो, म्हणून त्याचं माप विचित्र वाटतं.

भोकाची खालची कड तळापासून साधारण १२ सेंटिमीटर वर यायला हवी, नाहीतर बाहेरून आलेला पंजा सरळ पिल्लांपर्यंत पोचतो. पुढच्या फळीला आतून करवतीच्या आडव्या रेघा मारा. उडायच्या वेळी पिल्लांची नखं त्यात अडकतात. तळाला चार कोपऱ्यांत ६ मिलिमीटरची भोकं, कुशींना छपराखाली तशीच दोन-दोन. पाणी झिरपायला आणि वाफ निघायला एवढं पुरतं. आतून रंग-वॉर्निश काही नको.

खाडीची हवा खिळे खाते, त्यामुळे स्टेनलेसचे दीड इंची स्क्रू वापरा. छपराच्या मागच्या सांध्यावर जुन्या टायर-ट्यूबची पट्टी ठोका: बिजागरीही होते आणि गळतीही थांबते. पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून येतो, दुपारचं ऊन पश्चिमेचं असतं. म्हणून भोकाचं तोंड उत्तर किंवा पूर्वेला, आणि पेटी पुढे किंचित कललेली.

जागा चुकली

पेटी विकत घेण्याआधी सकाळी सात-आठला खाली उभं राहून ऐका. आसपास चिवचिवाटच नसेल तर घोडबंदर रोडवर पंधराव्या मजल्याला पेटी लावून काही होणार नाही. नवी मुंबईतल्या करावे, दिवाळ्यासारखं गावठाण, सिडकोची बैठी घरं, किराणा दुकानांची रांग जवळ असेल तर आशा जास्त. उंची तीन-चार मीटर, म्हणजे पहिला मजला. पेटी सुतळीनं टांगली की हेलकावे खाते आणि चिमणी फिरकत नाही, म्हणून भिंतीला प्लग ठोकून घट्ट बसवा. सोबत एक तार बांधा, स्क्रू सैलावला तरी पेटी कुणाच्या डोक्यात पडू नये. एसीच्या गरम झोतासमोर, मांजर चढेल अशा पाइपाशेजारी किंवा कबुतरांच्या बारीक जाळीच्या आत ती नको.

पेटीत दाणे

आत तांदूळ, भुगा, कापूस काही घालू नका. मुंग्या, उंदीर येतात. चिमणी आपलं गवत, पिसं, दोरे स्वतः आणते. बाल्कनीत दाण्यांचा सडा टाकला की आधी पारवे जमतात आणि चिमण्या दूर हटतात. बाजरी द्यायचीच तर चार-साडेचार सेंटिमीटर चौकोनांच्या जाळीच्या पिंजऱ्यात, आणि थोडीच.

पण खरा प्रश्न दाण्यांचा नाहीच. पहिल्या दिवसांत पिल्लांना अळ्या आणि किडे लागतात, मूठभर बाजरी समोर असून ती उपाशी मरू शकतात. सोसायटीत दर आठवड्याला धूरफवारणी आणि कुंड्यांवर कीटकनाशक चालू असेल तर पेटी कितीही बरोबर असो, घरटं फसतं. वीण चालू असताना त्या बाजूची फवारणी थांबवायला सांगा. दोन-तीन कुंड्यांत गवत वाढू द्या, जास्वंद किंवा मेंदीचं दाट झुडूप ठेवा. झाडावर मावा (बारीक कीड) दिसला म्हणून लगेच कीटकनाशकाची बाटली उचलू नका. चिमण्या तो टिपतात.

सारखं उघडून पाहणं

अंडी उबवायला ११ ते १४ दिवस, मग पिल्लं उडायला साधारण दोन आठवडे. या काळात पेटीला हात नको. त्याच पेटीत लगेच दुसरी वीण होते, तेव्हा पिल्लं उडाली म्हणून घाईनं सफाई करू नका. तीन आठवडे कुणी ये-जा केली नाही तरच मास्क-हातमोजे घालून जुनं घरटं काढा, उकळतं पाणी ओता, कडक उन्हात वाळवा. फिनाइल, गोचिडांची पावडर असलं काही नको. मुंग्यांची रांग दिसली तर पेटीखालच्या भिंतीवर व्हॅसलिनचा पट्टा ओढा.

पिसं न फुटलेलं पिल्लू खाली पडलं तर हळूच उचलून परत आत ठेवा. माणसाचा वास लागला की आई टाकून देते, ही समजूत खोटी आहे. पिसं आलेलं, उड्या मारणारं पिल्लू मात्र पळवून आणू नका. मांजराच्या वाटेतून उचलून जवळच्या झुडपात बसवा. आई-बाप तिथे चारा आणतात.

पेटी नोव्हेंबर-डिसेंबरात लावली की उन्हाळ्याच्या विणीपर्यंत चिमण्यांना तिची ओळख पटते. वर्षभर रिकामी राहिली, तर तीच पेटी दुसऱ्या भिंतीवर हलवा.