मिररलेस घेऊन राहिलात? आधी लेन्सचं बोलू

पावसाळा उतरणीला लागला की माझे फोन वाढतात. "ताई, नवीन बॉडी घेऊन राहिलो, कोणती घेऊ?" बॉडी म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, आणि मिररलेस म्हणजे आत आरसा नसलेला. दसरा, लग्नसराई, ताडोब्याच्या कोअरची गेटं उघडणं, सगळं एकामागून एक येतं आणि खरेदीची घाई सुटते. मी उलट विचारते: फोटो काढताना तुम्ही उभे कुठे असता, आणि समोरचा माणूस किंवा जनावर किती लांब असतं? बहुतेकांनी याचा विचारच केलेला नसतो. बॉडी ठरवायच्या आधी तो करा.

उत्तर तुमच्याच जुन्या फोटोंत असतं. गेल्या वर्षभरातले तुम्हाला स्वतःला आवडलेले फोटो एका फोल्डरमध्ये काढा, सगळे नकोत, आवडलेलेच. लाइटरूम या फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये ते फोकल लेंग्थनुसार लावून बघा, म्हणजे लेन्स किती रुंद किंवा किती लांबचं बघते त्या एमएममधल्या आकड्यानुसार. किट लेन्सवाल्यांचे (कॅमेऱ्यासोबत आलेली लेन्स वापरणाऱ्यांचे) फोटो बहुतेक वेळा १८ वर नाहीतर ५५ वर गोळा झालेले दिसतात. १८ वर गर्दी असेल तर तुम्हाला मागे सरकायला जागा मिळत नाही, म्हणजे रुंद लेन्स हवी. ५५ वर असेल तर पुढे जाता येत नाही, म्हणजे लांब हवी. मग आयएसओ बघा, म्हणजे कमी उजेडात कॅमेऱ्याने संवेदनशीलता किती वाढवली तो आकडा. निम्म्याहून जास्त फोटो ३२०० च्या वर असतील तर तुमची अडचण उजेडाची आहे. ती मोठ्या अ‍ॅपर्चरने जितकी सुटते तितकी नव्या बॉडीने सुटत नाही. अ‍ॅपर्चर म्हणजे उजेड आत सोडणारं लेन्सचं भोक, एफचा आकडा लहान तेवढं ते मोठं. एफ ५.६ वरून एफ २.८ वर आलात की चौपट उजेड मिळतो. बॉडी बदलून इतका फरक पडलेला मी तरी पाहिला नाही.

लग्नाचं बघू, कारण निम्मे फोन त्याचेच. मंगलाष्टकं चालू असताना आपल्याला जागा किती मिळते? स्टेजवर भटजी, दोन्हीकडचे मामा, करवल्या, आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल. अंतरपाट खाली येतो तो क्षण हातभर अंतरावरून टिपायचा असतो. तिथे फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या बॉडीवर) २४-७० किंवा २८-७५ एफ २.८ लागते. एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरची बॉडी असेल तर सिग्माची १८-५० एफ २.८ घ्या. वजन ३०० ग्रॅमच्या आत, दिवसभर गळ्यात असली तरी मान धरत नाही. यानंतर लोक डोळे झाकून ७०-२०० एफ २.८ च्या मागे लागतात. माझं मत: पहिल्या दोन वर्षांत नको. ८५ एमएम एफ १.८ घ्या, पोर्ट्रेटही होतात आणि स्टेजखालून वरमाईचा चेहराही मिळतो. उरलेल्या पैशांत चांगला फ्लॅश येतो, नाहीतर दुसरी जुनी बॉडी.

अक्षतांसाठी शटर स्पीड ठरवून ठेवा, म्हणजे शटर सेकंदाचा कितवा भाग उघडं राहतं ते. १/६० ला तांदळाच्या पांढऱ्या रेघा होतात आणि फोटोवर ओरखडे पडल्यासारखे वाटतात. १/१००० ला प्रत्येक दाणा हवेत टांगलेला दिसतो, जीव नसलेला. मी १/२५० वर काढते. दाण्याला बारीकशी शेपटी येते आणि तो पडतोय हे कळतं. याच वेळी फोकस दाण्यांवर उडी मारत असेल तर मेनूत ट्रॅकिंग सेन्सिटिव्हिटी कमी करा, म्हणजे मध्ये काही आडवं आलं तरी कॅमेरा नवरीचा डोळा सोडत नाही.

मिररलेसची दोन दुखणी लॉनवर हमखास निघतात. पहिलं सायलेंट शटरचं. आवाज नको म्हणून लोक इलेक्ट्रॉनिक शटर लावतात आणि घरी येऊन बघतात तर फोटोवर आडवे पट्टे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, आणि साधा सेन्सर वरून खाली ओळी वाचत जातो. १/१०० किंवा १/५० वर पट्टे बरेच कमी होतात. पण त्या शटरला माणसं हलतात, म्हणून दिव्यांखाली सरळ मेकॅनिकल शटर वापरा. मागच्या एलईडी वॉलचा हिशेब वेगळा. तिच्यासमोर कार्यक्रमाआधीच दोन-चार शटर स्पीडवर फोटो काढून बघा. दुसरं दुखणं फ्लॅशचं. फ्लॅश लावून एक्सपोजर (फोटोचा एकूण उजेड) उतरवलं की व्ह्यूफाइंडर काळाकुट्ट होतो आणि नवखा माणूस घाबरतो. कॅमेरा फक्त बाहेरच्या उजेडाचा अंदाज दाखवत असतो, फ्लॅशचा नाही. कॅननमध्ये एक्सपोजर सिम्युलेशन आणि सोनीत सेटिंग इफेक्ट बंद केलं की चित्र उजळ दिसतं.

आता जंगल. इथे माझं मत कुणाला आवडत नाही. उमरेड-कऱ्हांडल्याला किंवा पेंचला वर्षातून दोन-तीनदा जाणाऱ्याने ६०० एमएम विकत घेऊ नये, भाड्याने आणावी. सोनीची २००-६०० दोन किलोच्या वर भरते आणि लांबच्या टोकाला एफ ६.३ असते. थंडीत गेट उघडल्यावर पहिला अर्धा-पाऊण तास एवढ्या अ‍ॅपर्चरवर आयएसओ चढतच जातो. एफ २.८ ला याच्या पाचपट उजेड मिळतो, पण ती ४०० एमएम एफ २.८ घेणाऱ्याला माझ्या सल्ल्याची गरज नाही. नेहमी जाणाऱ्याने १००-४०० किंवा तुमच्या कंपनीची तशीच झूम घ्यावी. एपीएस-सी बॉडीवर ४०० चं दृश्य ६०० सारखं दिसतं, कॅननवर ६४० सारखं. वाघ रस्त्यावर आला तर ४०० सुद्धा जास्त होते, तेव्हा झूमच कामी येते.

उन्हाळ्यात वेगळाच घोळ. एप्रिल-मे मध्ये सकाळचे नऊ वाजले की तापलेल्या मातीवरची हवा थरथरते आणि लांबचा प्रत्येक फोटो पाण्यातून काढल्यासारखा येतो. लोक लेन्सला शिव्या देतात, फोकस अ‍ॅडजस्ट करायला सेंटरला पाठवतात. लेन्स ठीकच असते. अशा वेळी लांबचा फोटो सोडून द्या, पाणवठ्यापाशी जवळचं काय येतं त्याची वाट बघा. जिप्सीच्या दांड्यावर तांदळाची किंवा राजम्याची पिशवी ठेवून त्यावर लेन्स टेकवा, आणि ड्रायव्हरला म्हणा, "भाऊ, इंजिन बंद करा जी." बॉडीतलं स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताचा कंप रोखतं, चालणाऱ्या वाघाचा पाय नाही. त्यासाठी शटरच वाढवावं लागतं, निदान १/५००.

उलट टोक बघायचं तर नागपूरची मारबत, म्हणजे इडा-पिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीच्या गल्ल्यांत काळी-पिवळीच्या मिरवणुकीत लेन्स बदलायला हातभर जागा नसते. एक बॉडी, एक २४ किंवा ३५ एमएम, खिशात दुसरी बॅटरी, संपलं. झूमवाला तिथे नुसती खांदेठोक खातो.

आता बॉडी. माउंट (बॉडीवर लेन्स जिथे बसते तो जोड, प्रत्येक कंपनीचा वेगळा) निवडताना बॉडीच्या किमतीपेक्षा पुढे कोणत्या लेन्स मिळणार हे बघा. सोनी ई-माउंटला सिग्मा-टॅमरॉनच्या लेन्स भरपूर, सेकंडहॅंड बाजारही मोठा. कॅनन आरएफला बाहेरच्या कंपन्यांच्या ऑटोफोकस लेन्स बरीच वर्षं मिळत नव्हत्या. २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉनच्या काही आल्या, त्या एपीएस-सी साठी. पण आरशाच्या कॅमेऱ्याच्या जुन्या ईएफ लेन्स घरात असतील तर कॅननच्या अडॅप्टरवर त्या मस्त चालतात. निकॉनवाल्यांनी सांभाळा: जुन्या लेन्स लावायच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये फोकसची मोटर नाही, त्यामुळे बाबांची जुनी, स्वतःची मोटर नसलेली ५० एमएम एएफ-डी त्यावर हाताने फोकस करावी लागेल. मेगापिक्सेल विचारू नका, २४ पुष्कळ झाले. विचारायचं ते डोळ्याचा फोकस अंधारात किती टिकतो, कार्डचे स्लॉट दोन आहेत का, आणि ४५ अंशांत ४-के व्हिडिओ किती वेळ चालतो. हळदी दुपारी उघड्यावर असेल तर बॉडी ओल्या फडक्याने झाकू नका, छत्री धरा, आणि मेनूतली तापमानाची मर्यादा 'हाय' वर ठेवा.

सेकंडहॅंड लेन्स घेताना दुकानाच्या लख्ख उजेडावर जाऊ नका. मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने तिरपा मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी, धुरकट दिसलं तर हेझ. दोन्ही असतील तर कितीही स्वस्त असो, सोडा. धुळीचे दोन-चार कण चालतात. मग भिंतीवर वर्तमानपत्राचं मोठं पान लावा, कॅमेरा समोर अगदी सरळ ठेवा आणि अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून फोटो काढा. चारही कोपरे सारखे मऊ असतील तर हरकत नाही. एकच कोपरा गेलेला असेल तर आतली काच सरकलेली आहे.

आणि घरात आल्यावर बॅग कूलरच्या खोलीत ठेवू नका. आपल्याकडे बुरशीला लोक पावसाळाच जबाबदार धरतात, पण एप्रिलपासून जूनपर्यंत कूलरसमोरच्या कपाटात जी ओल साचते ती कुणी मोजत नाही. झाकणाला रबर असलेला मोठा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि दोन-तीनशे रुपयांचा हायग्रोमीटर, एवढं पुरतं. काटा ४० ते ५० मध्ये राहिला पाहिजे. जेलचे दाणे रंग बदलले की कढईत मंद आचेवर परतून घ्या, पण त्या कढईत पुन्हा पोहे करू नका.