टी-५५ रणगाड्याचा आतला भाग सिम्युलेटरसाठी कसा उभारावा: ब्लेंडर ते युनिटी

आतून मॉडेल करायला टी-५५ हा फार चांगला रणगाडा आहे. यंत्रणा बहुतेक यांत्रिक, संगणक नाही, फोटो आणि आकृत्या भरपूर, शिवाय १९७१ च्या युद्धात भारतीय चिलखती दलाने तो वापरलेला. तरीही त्याची बरीचशी मॉडेल फसतात, आणि फसतात ती रंगकामामुळे नाही. आधी देखणा टरेट (वरचा फिरणारा घुमट) तयार होतो, मग तोफ खाली झुकवली की ब्रीच, म्हणजे तोफेचे गोळा भरायचे मागचे टोक, छत फोडून वर येतो. म्हणून आधी अक्ष पक्के करा, मग यंत्रणांचा तर्क लिहा, आणि रंगरंगोटीला सगळ्यात शेवटी हात घाला.

मापे आणि अक्ष

ब्लेंडरमध्ये (त्रिमितीय मॉडेल बनवायचे सॉफ्टवेअर) एकक मेट्रिक, स्केल १. बारकावे भरण्याआधी नुसत्या ठोकळ्यांचा सांगाडा करा: हल (रणगाड्याचे खालचे धड), टरेट, तोफेचा पाळणा, ब्रीच, चार माणसे. चालक हलच्या पुढे डावीकडे. टरेटमध्ये तोफेच्या डावीकडे पुढे गनर, त्याच्या पाठीमागे कमांडर, आणि उजवीकडे लोडर. माणसाची आकृती खऱ्या उंचीची ठेवा, कारण जागेची अडचण हाच या टरेटचा स्वभाव आहे. टरेट ज्या कड्यावर फिरतो त्या टरेट रिंगचा व्यास सुमारे १.८ मीटर आणि त्यात १०० मिमीची तोफ, म्हणजे तिघांच्या वाट्याला किती जागा उरते ते ठोकळ्यांतच कळून येते. कोपर कुठेच अडत नसेल तर टरेट मोठा झाला आहे असे समजा.

बाहेरच्या आकाराचा अंदाज फोटोवरून नीट येत नाही. महाराष्ट्रात असाल तर अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये एकदा जाऊन रणगाड्यांच्या शेजारी उभे राहा. फोटो आणि मापांसाठी तिथे आधी परवानगी विचारा.

तोफ वर-खाली -५ ते +१८ अंश फिरते. दोन्ही टोकांना ब्रीच नेऊन पाहा. शिवाय गोळी सुटल्यावर तोफ सुमारे अर्धा मीटर मागे येते. मर्यादा ५७० मिमी धरा. तिन्ही हालचाली एकत्र करून ब्रीच जितकी जागा व्यापतो तितका एक पारदर्शक ठोकळा ठेवा आणि त्यात एकही पेटी, वायर किंवा गुडघा येऊ देऊ नका. टरेटचे छत बुटके असल्यामुळेच तोफ खाली फारशी झुकत नाही. ही मर्यादा तुमच्या भूमितीतून आपोआप यायला हवी. कोडमध्ये आकडा घालून थांबवावे लागत असेल तर छताची उंची चुकली आहे.

युनिटीत (सिम्युलेटर चालवणाऱ्या गेम इंजिनात) आणताना नेहमीचा घोळ होतो तो अक्षांचा. ब्लेंडरचा वरचा अक्ष झेड, युनिटीचा वाय. एफबीएक्स (मॉडेल निर्यात करायची फाइल) तसाच आणला की भागांवर -९० अंशांचे वळण आणि कधी १०० चे स्केल बसते, मग फिरवायला जावे तर टरेट कलंडतो. निर्यातीआधी कंट्रोल-ए ने रोटेशन आणि स्केल पक्के करा, युनिटीच्या इम्पोर्टमध्ये ‘बेक ॲक्सिस कन्व्हर्जन’ लावा. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे फिरणारे सांधे युनिटीतच रिकाम्या ऑब्जेक्टने बनवणे: हल, त्याखाली टरेट, त्याखाली ट्रनियन (ज्यावर तोफ वर-खाली होते तो आस), त्याखाली मागेपुढे सरकणारी नळी आणि ब्रीच. मेश, म्हणजे दिसणारे आकार, त्यांना नुसते टांगायचे. मेश दहादा बदलला तरी कोड शाबूत राहतो.

गनरची दुर्बीण

इथे वेळ द्या, खेळणाऱ्याची नजर सगळ्यात जास्त इथेच असते. टीएसएच२-२२ ही सांधा असलेली दुर्बीण आहे. पुढचे टोक तोफेबरोबर वर-खाली होते, पण डोळ्याला लावायचे टोक जागचे हलत नाही. म्हणून डोळ्याकडच्या भागाचा मेश टरेटखाली, आणि दृश्य दाखवणारा कॅमेरा ट्रनियनखाली. दोन्ही एकाच ठिकाणी टांगले तर तोफ उचलताना गनरच्या डोळ्यासमोरून दुर्बीण निघून जाते.

कॅमेरा चौरस रेंडर टेक्श्चरवर (कॅमेऱ्याचे चित्र उमटणारा पडदा) चित्र पाठवेल आणि वर गोल मुखवटा असेल. ३.५ पट मोठे करताना दृश्यकोन १८ अंश, ७ पटीला ९ अंश. युनिटीचा दृश्यकोन उभा मोजला जातो, त्यामुळे टेक्श्चर चौरसच हवे; आडवे घेतले तर पट चुकते आणि अंतराचा अंदाजही. हा कॅमेरा गनर दुर्बिणीत पाहत असतानाच चालू ठेवा, नाहीतर सगळे दृश्य दोनदा रंगवले जाऊन फ्रेम घसरतात.

दुर्बिणीला स्वतःचे स्थिरीकरण नाही, ती तोफेच्या मागे जाते. स्थिरीकरण यंत्रणा तोफेला दोन्ही अक्षांत धरते, पण मोटरच्या वेगाला मर्यादा आहे. कोडमध्ये तोफेची इच्छित दिशा जगाच्या अक्षांत साठवा, युनिटीच्या भौतिक गणनेच्या दर पायरीला हलच्या हालचालीशी फरक काढा, आणि भरपाई कमाल वेगापुरतीच करा. खड्ड्यात दुर्बिणीतला नेमाचा काटा थोडा मागे राहून परत जागेवर येईल, आणि तेच खरे आहे. काटा अगदी दगडासारखा स्थिर दिसला तर मर्यादा लावायची राहून गेली आहे. यंत्रणा चालू केल्यावर गायरोला वेग घ्यायला वेळ लागतो, तोवर तोफ हातचाकांवरच.

स्विचमागे काहीतरी हवे

हात लावता येईल असे प्रत्येक बटण कुठल्यातरी स्थितीला जोडा. वीज २४ व्होल्टची: चार बॅटऱ्या, १२ व्होल्टच्या दोन-दोन एका रांगेत आणि अशा दोन रांगा समांतर, मिळून २८० अँपिअर-तास. मुख्य स्विच बंद तर पुढचे सगळे मृत. स्टार्टर ओढतो तेव्हा व्होल्टेज पडू द्या, दिवे मंद होऊ द्या. टी-५५ चे इंजिन मुख्यत्वे दाबाच्या हवेने सुरू होते, विजेचा स्टार्टरही आहे. हवेचा साठा दर वेळी कमी करा आणि कॉम्प्रेसरने तो सावकाश भरू द्या. सुरू करण्यापूर्वी पंपाने तेलाचा दाब काट्यावर आणण्याची पायरी वगळू नका.

अटींची साखळीही बांधा. चालकाचे झाकण उघडे असेल तर टरेट विजेवर फिरू नये, नाहीतर तोफ त्याच्या डोक्यावरून जाईल. लोडरने गोळा भरून आपले बटण दाबल्याशिवाय गोळी सुटू नये.

लोडरचा वेळ कधीही ठराविक ठेवू नका. गोळे ४३ असतात, त्यातले १८ चालकाच्या उजवीकडच्या रॅक-टाकीत (इंधनाची टाकी आणि गोळ्यांचा रॅक एकत्र), बाकीचे इकडेतिकडे. प्रत्येक जागेची नोंद ठेवा आणि टरेटचा कोन तपासा: टरेट मागे वळलेला असताना पुढचा रॅक हाताला येत नाही. एक संपूर्ण गोळा सुमारे ३० किलोचा असतो, आणि तोफ लोडरच्या डावीकडे असल्यामुळे तो डाव्या हाताने ढकलावा लागतो. जवळचे गोळे संपत आले की वेग पडलाच पाहिजे.

इंजिन आणि वळणे

व्ही-५५ ची शक्ती २००० फेऱ्यांना ५८० अश्वशक्ती, म्हणजे तिथे टॉर्क सुमारे २,०४० न्यूटन-मीटर. इंधनपंपावर सर्व वेगांचा गव्हर्नर (फेऱ्या नियंत्रित करणारा भाग) आहे, म्हणून पेडल टॉर्क ठरवत नाही, फेऱ्या मागते. पेडलवरून लक्ष्य आरपीएम काढा आणि फरकानुसार इंधन द्या. कारसारखे थेट टॉर्कला जोडले तर चढावर इंजिन खोटे वाटते.

वळताना आतला पट्टा मंदावतो, बाहेरचा वेग तसाच राहतो. त्यामुळे रणगाड्याचा सरासरी वेग घटतो. वळवायच्या लिव्हरच्या पहिल्या स्थितीत आतला पट्टा १.४२ पटीने हळू, दुसऱ्यात ब्रेकने थांबलेला. पट्ट्यांमधले अंतर २.६४ मीटर, म्हणून पहिल्या स्थितीत बाहेरचा पट्टा सुमारे ८.९ मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढेल, दुसऱ्यात २.६४ मीटरचे. घसरण शून्य ठेवून सपाट जमिनीवर हे मोजा. जुळले की मगच माती आणि घसरण घाला.

प्रकाश, कॅमेरा, पोत

युनिटीच्या कॅमेऱ्याची जवळची मर्यादा मुळात ०.३ मीटर असते, तिथे समोरची भिंतच कापली जाते. आतल्यासाठी ०.०२ ठेवा आणि बाहेरच्या दृश्यासाठी वेगळा कॅमेरा रचा, नाहीतर दूरचे डोंगर लुकलुकतात. एकपदरी भिंतीतून ऊन आत गळते. टरेट आणि हलभोवती फक्त सावली टाकणारे जाड बंद कवच ठेवा, पेरिस्कोपच्या जागा तेवढ्या उघड्या.

हाताच्या टप्प्यातल्या वस्तूंना मीटरला १०२४ पिक्सेल, मागच्या कोपऱ्यांना निम्मे पुरेत. झीज कुठे दाखवायची ते हालचालीच ठरवतात: पायरीच्या कडा, झाकणाचे कडीकोयंडे, लोडरच्या उभे राहण्याची जागा, ब्रीचच्या तोंडाची कड. सगळीकडे सारखी खरचटलेली भिंत नका दाखवू. गनरच्या मागची भिंत कित्येकदा नव्यासारखीच असते.